हळकुंड न मोडता

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दिवाळीत देवघराच्या फडताळात, उदबत्तीच्या पुड्यामागे बाबांच्या काचबिंदूच्या थेंबांची बाटली सापडली. सील तसंच होतं. घरात पाहुणे होते म्हणून बोलले नाही, पण पुण्याला आल्यापासून ती बाटली डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पेपर वाचता येतो, माणूस ओळखू येतो, मग रोज औषध कशाला? मोतीबिंदू झाला की धूसर दिसतं, माणूस आपण होऊन दवाखाना गाठतो. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली बहुतेक वेळा शेवटपर्यंत राहते, त्यामुळे काही गेलंय हे कळतच नाही. भाऊबीजेला डावीकडचा तांब्या तुमच्या हातून लवंडला. आई म्हणाली, लक्ष नव्हतं. मला तसं वाटलं नाही.

चाळीस वर्षं तुम्ही हळद पेठेत दिवाणजी होता. मला दुकानात न्यायचात आणि हळकुंड कट्‌कन मोडून आतला रंग दाखवायचात. वरून पॉलिश कुणीही करतं, खरा माल आत कळतो, म्हणायचात. डोळा तसा मोडून बघता येत नाही. बोस्टनजवळच्या एमआयटीत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 1991 साली जगापुढे मांडलेलं ओसीटीचं, म्हणजे प्रकाशानं डोळ्यातले थर मोजायचं, तंत्र याचसाठी उपयोगी पडतं. डोळ्यात प्रकाश सोडायचा आणि प्रत्येक थरावरून तो किती खोलीवरून परत आला ते मोजायचं. प्रकाशाचा वेग असा की साधं घड्याळ तिथं कामाचं नाही. म्हणून त्याच प्रकाशाचा दुसरा वाटा आरशावरून परत आणून दोन्ही एकमेकांशी ताडून बघतात. डोळ्याच्या नसेभोवतीचा तंतूंचा थर निरोगी माणसात साधारण 100 मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तो झिजायला लागला की तिथं दिसतं, बऱ्याचदा माणसाला जाणवायच्या कितीतरी आधी. हुआंग तेव्हा डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग दोन्ही शिकत होते, पुढे डोळ्यांचेच डॉक्टर झाले.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि दोन वर्षांचं संशोधन सोडून मी पुन्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, सहा वर्षं पाण्यात गेली. काळजीनंच म्हणालात. पण मी का वळले ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. प्रयोगशाळेत एका नऊवारीतल्या आजींच्या डोळ्याचं मोजमाप दरवेळी वेगळं येत होतं. आम्ही आठ दिवस सॉफ्टवेअर तपासत बसलो. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी आजींच्या लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट सरकवला, हनुवटी स्थिर टेकली आणि आकडे जुळले. यंत्रात काही बिघाड नव्हता. आमच्यापैकी एकानंही आजींच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, यंत्राच्या मागे बसायचं नाही, माणसासमोर बसायचं. आज रिपोर्ट हातात आला की त्यातला कुठला आकडा खरा आणि कुठला डोळा हलल्यामुळे आलेला, हे मला ओळखू येतं. ती सहा वर्षं रोज कामाला येतात, बाबा.

तुमची जुनी फाईल 2019च्या पुरात गेली. आधीचा थर किती होता ते आता कळायचं नाही, म्हणून आताचं मोजमाप लवकर हवं. गेलेले तंतू परत येत नाहीत, उरलेले मात्र राखता येतात. डोळ्यातला दाब कमी ठेवणं हाच त्याचा उपाय आणि तुमचे थेंब तेच काम करतात. हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून मी माझाही दाब दरवर्षी तपासून घेते.

आई, तू एवढं कर. ती बाटली वापरू नकोस, मुदत बघून नवीन आण आणि फोडलीस त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिही. महिन्यानंतर उरलं तरी टाकून दे. रात्री जेवणं झाली की एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं या. स्टेशनवर मी असेन. बाबा, खुर्ची उंच आहे, पायाखाली पाट मी ठेवते.

तुमची,
सुमा