शल्यचिकित्सकाच्या हाताचे माप

महोदय,

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे पोटावरची वीतभर जखम अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या छिद्रांवर आली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले, तेव्हापासून शल्यचिकित्सकांच्या पिढ्या तिच्यात तयार झाल्या. मात्र रुग्णाचा त्रास कमी करणारी ही अवजारे घडवताना ती धरणाऱ्या हाताचा पुरेसा विचार होत नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

या अवजाराची ५ मिलिमीटर जाडीची, सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची नळी पोटावरच्या छिद्राशी तरफेसारखी टेकते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते आणि ऊतीचा स्पर्श बोटांपर्यंत पुसटसाच पोहोचतो. हे सरावाने अंगवळणी पडते. अवजार धरायच्या मुठीच्या मापाचे तसे नाही. माझे हातमोजे सहा नंबरचे, सहकाऱ्याचे साडेसातचे, पण दोघांच्या हाती मूठ एकाच मापाची येते. ऊती टाचणारा स्टेपलर दाबताना मला दोन्ही हात लावावे लागतात आणि दोन-अडीच तासांनी अंगठ्याच्या कडेला मुठीच्या कडीचा वळ उठून तो भाग बधिर होतो.

हातमोजे अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात, तर मुठी निदान दोन मापांत का मिळू नयेत? अनेक अवजारांची मूठ नळीपासून सुटी होतेच. आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांच्या रचनेवर काम चालते. तेथील अभियंत्यांनी शस्त्रक्रियागृहात उभे राहून, विशेषतः स्त्री-शल्यचिकित्सकांच्या हातांची मापे घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

— एक शल्यचिकित्सक, सांगली