सीआरपीच्या आकड्यासोबत एवढे तरी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सवलतीच्या दरातील ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजांमध्ये कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि मधुमेहाच्या चाचण्यांच्या जोडीला आता सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) ही रक्तचाचणी हमखास दिसते आणि ‘शरीरातील छुपा दाह ओळखा’ अशी तिची जाहिरातही केली जाते. दाह म्हणजे संसर्ग किंवा इजा झाल्यावर शरीरात उठणारी सुजेसारखी प्रतिक्रिया. रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस म्हणून मला या चाचणीविषयी आदरच आहे. माझी तक्रार चाचणीबद्दल नाही; ती ज्या तऱ्हेने विकली जाते आणि तिचा निकाल ज्या तऱ्हेने लोकांच्या हाती दिला जातो, त्याबद्दल आहे.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. रुग्ण बरा होऊ लागला की ते दिसेनासे होई. पुढे लक्षात आले की त्याचा संबंध एकट्या न्यूमोनियाशी नाही. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला, मोठी जखम झाली किंवा ऊतींची हानी झाली, की तेथील पेशींतून इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक द्रव्य रक्तात येते आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी तयार करू लागते. काही तासांतच पातळी चढू लागते, दोन दिवसांच्या सुमारास ती शिखरावर पोहोचते, आणि एरवी लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमही नसणारे हे प्रथिन गंभीर संसर्गात काहीशे मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य, म्हणजे असलेले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे १९ तासांचे असते आणि माणूस आजारी असो वा निरोगी, त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे दाह शमला की आकडा लगेच उतरू लागतो.

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात हे पाहणारी दाहाचीच जुनी चाचणी, तिच्यापेक्षा सीआरपी उजवी ठरते ती याच कारणाने. ईएसआर रक्तक्षयाने, वाढत्या वयाने, गर्भारपणानेही वाढतो आणि आजार हटल्यावर कितीतरी दिवस रेंगाळतो. उलट मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सीआरपी उतरायला हवा असताना तो पुन्हा चढू लागला, तर शल्यचिकित्सक आत कुठे पू तर झाला नाही ना, याचा शोध घेऊ लागतात. एकाच रुग्णाचे, एकाच प्रयोगशाळेतून, ठरावीक अंतराने आलेले आणि निश्चित प्रश्नासाठी मागवलेले आकडे, ही या चाचणीची खरी जागा आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्यम स्वरूपाच्या रुग्णांसाठी ती दर ४८ ते ७२ तासांनी करण्यास सांगितले होते; घरी बसलेल्या, लक्षणेही नसलेल्या लोकांनी तेव्हा ती रोज करून घेण्याचा जो सपाटा लावला होता, त्याला मात्र कसलाच आधार नव्हता.

पॅकेजमध्ये नेमका प्रश्नच नसतो. दाह आहे एवढेच हे प्रथिन सांगते. तो कुठे आहे आणि कशाने आहे, हे ते सांगू शकत नाही. सुजलेल्या हिरड्या, चार दिवसांपूर्वीची सर्दी, स्थूलता, धूम्रपान, काही संप्रेरकांच्या गोळ्या, यांपैकी कशानेही आकडा थोडा वर जातो. शिवाय ‘नॉर्मल’ची सीमा बहुतेक चाचण्यांत अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी सुमारे ५ टक्के लोक तिच्या बाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा वीस चाचण्या एकाच वेळी केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा निकाल ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग त्या ठळक अक्षरांच्या मागे पुढच्या तपासण्या सुरू होतात. पॅकेज इतके स्वस्त का असते, याचे उत्तर काही अंशी तरी इथे असावे, असे मला वाटते.

एककांचा घोळ तर अक्षम्य आहे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये. म्हणजे एका ठिकाणचा ८ आणि दुसऱ्या ठिकाणचा ०.८ हे एकच झाले. पण बारीक अक्षरांतले एकक न पाहता दोन रिपोर्ट शेजारी ठेवणाऱ्याला एक तर विनाकारण धडकी भरते किंवा विनाकारण हायसे वाटते. त्यात भर म्हणजे साधी सीआरपी आणि हृदयविकाराच्या जोखमीसाठी वापरली जाणारी एचएस-सीआरपी (हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अतिसंवेदनशील सीआरपी) यांतला फरकही अनेकदा समजावला जात नाही. प्रथिन तेच, दुसरी चाचणी अगदी कमी पातळीही अचूक मोजते, इतकेच. तिच्यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००३ साली लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ हून अधिक असे जोखमीचे गट सुचवले आणि आकडा १० च्या वर गेल्यास आधी संसर्ग किंवा दाहाचे दुसरे कारण शोधून चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा करावी, असेही सांगितले. ही दुसरी सूचना माझ्या पाहण्यातल्या एकाही पॅकेजच्या रिपोर्टवर छापलेली नव्हती. ऐन पावसाळ्यात तापातून उठलेल्या माणसाला १४ आकडा आणि त्यासमोर ‘हृदयविकाराचा उच्च धोका’ असा शेरा देऊन घरी पाठवणे हा निष्काळजीपणा आहे.

याहून मला काळजी वाटते ती फेरिटिनची, कारण तिथे नुकसान उलट्या बाजूने होते. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन. रक्तातले त्याचे प्रमाण घटले की शरीरातला लोहाचा साठा संपत आला, असे समजतात. परंतु सीआरपीप्रमाणेच फेरिटिनही दाहात वाढते. त्यामुळे लोहाचा साठा तळाला गेलेल्या, पण जोडीला जुनाट संसर्ग किंवा संधिवात असलेल्या स्त्रीचे फेरिटिन व्यवस्थित दिसू शकते आणि ‘लोह उत्तम आहे’ असे सांगून तिच्या गोळ्या बंद केल्या जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हे स्पष्ट केले आहे: निरोगी प्रौढांत लोहाच्या कमतरतेची सीमा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम, तर संसर्ग वा दाह असलेल्यांत ती थेट ७० मायक्रोग्रॅम. म्हणजे ४० हा आकडा एकीसाठी पुरेसा आणि दुसरीसाठी कमतरतेची खूण ठरतो, आणि या दोघींतला फरक ओळखायला सीआरपी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात फेरिटिनचा आकडा एकटा छापणे बरोबर नाही. सीआरपीला पॅकेजमध्ये जागा द्यायचीच असेल, तर ती इथे द्यावी.

माझ्या मागण्या फार नाहीत. सर्व प्रयोगशाळांनी सीआरपी मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्येच द्यावी, चाचणी साधी आहे की एचएस हे ठळकपणे लिहावे, एचएस-सीआरपी १० च्या वर असल्यास हृदयाच्या जोखमीचा शेरा न देता दोन आठवड्यांनी पुन्हा तपासण्याची सूचना छापावी आणि फेरिटिनसोबत त्याच नमुन्यातील सीआरपीचा आकडा द्यावा. रिपोर्टचा नमुना संगणकावर एकदा बदलला की यातले बहुतेक काम होते आणि फेरिटिनसाठी घेतलेल्या रक्तातच सीआरपीही होत असल्याने रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी आणि राज्याच्या आरोग्य विभागाने याबाबत आपली भूमिका आपल्या दैनिकातून मांडावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा