काकाजी, तुमच्या बारदान्यानं माझं पोस्टर वाचवलं

काकाजी, राम राम.

हे तुमच्या मोबाईलवर येणार नाही हे मला माहीत आहे, तुमचा अजून तो बटनवाला डबाच आहे, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहून राहिलो आणि ताईला सांगून ठेवतो वाचून दाखवायला. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही "काय मोठं केलं बे म्या, काटा त शेठचा हाये" म्हणून उडवून लावलं असतं आणि मलाच चहा सांगायला पाठवलं असतं. मग राहूनच गेलं असतं.

तर ऐका. अमरावतीची ती विद्यार्थी संशोधन परिषद मागच्या आठवड्यात झाली. व्यायाम शरीरशास्त्राची, म्हणजे पळताना, वजन उचलताना शरीरात काय काय होते त्याची. विदर्भातल्या बऱ्याच कॉलेजची पोरं होती, बीपीएड, एमपीएड, फिजिओथेरपीवाले, दोनचार मेडिकलचे पण. (बीपीएड, एमपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री.) माझं पोस्टर होतं भरतीच्या पोरांच्या घामावर. हो, तेच, ज्याच्यापायी एप्रिलमध्ये तुम्ही रोज सकाळी सहाला काटा काढून ठेवायचे आणि फाट्यावरचे लोक विचारायचे का "आता हरभरा संपला त पोरं मोजून राहिले का?"

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. काकाजी फाट्यावर शेठच्या काट्यावर लोकांचा माल मोजतात, आणि बारदाना म्हणजे मालाचं रिकामं पोतं, ज्याचं वजन मालातून वजा करतात. आमचं गाव नेरजवळ, यवतमाळ जिल्हा. गावातले दहाबारा पोरं आणि दोन पोरी पोलीस भरतीसाठी रोज डांबरी रोडवर पळतात, पोरांचा इव्हेंट १६०० मीटर, पोरींचा ८००. पहाटे पळा म्हटलं तर कोणाला दूध काढायचं असते, कोणाला मोटर लावायला जायचं असते, म्हणून साडेसहाला सुरू होते आणि आटपेपर्यंत ऊन डोक्यावर. आणि एप्रिलचं आमचं ऊन काय चीज आहे हे पुण्यामुंबईवाल्यांना सांगून समजणार नाही. माझ्या डोक्यात हा विषय जुना आहे, २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर पळताना पोरं मेली होती ना, मी तेव्हा शाळेत होतो पण घरी टीव्हीसमोर सगळे गप्प झाले होते ते आठवते, आमचा एक भाऊ तेव्हा तयारी करत होता.

आमची पोरं म्हणतात का "आमाले घामच येत नाई." खरी गोष्ट अशी का घाम येते पण इथली हवा इतकी कोरडी का तो अंगावर टिकतच नाही, निघाला का उडाला. मुंबईत तो अंगावरून ठिबकते म्हणून दिसते. माठासारखंच आहे हे, माठाचं पाणी थंड काहून होते, तर बाहेरून झिरपलेलं पाणी उडते आणि उडताना आतली गरमी घेऊन जाते. एक लिटर घाम पूर्ण अंगावरून उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी गरमी नेते. म्हणजे शरीराचा कूलर जोरात चालू असते पण टाकीतलं पाणी किती कमी झालं हे पोराला समजतच नाही. ते समजायचा साधा उपाय एकच, पळायच्या आधी वजन करा आणि पळाल्यावर वजन करा. तासाभरात चरबी काही किलोनं जळत नाही, जे कमी झालं ते जवळपास सगळं पाणी. मध्ये पाणी पेलं तर ते मिळवायचं, लघवीला गेला तर ते वजा.

इतकं सोपं. फक्त वजनकाटा पाहिजे. आणि कॉलेजातला काटा १०० ग्रॅमच्या उड्या मारायचा आणि डावा पाय आधी ठेवला तर वेगळं, उजवा ठेवला तर वेगळं. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं ५० ग्रॅमच्या आत दाखवणारा पाहिजे, नाहीतर विषय बदल. मी फाट्यावर तोंड पाडून बसलो होतो आणि समोर तुम्ही कोणाचा तरी हरभरा मोजत होते, लाल आकडे दिसले, ४९.७०, मग ४९.७१. दहा ग्रॅम! मी चहा तसाच ठेवून उठलो. तुम्ही खर्रा घोटत घोटत पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हटलं "मंग आन ना पोट्टे, इचारतो काय?"

पण काकाजी, काटा कोणीही दिला असता हो. मी आभार त्याच्यासाठी मानून नाही राहिलो.

पहिली सकाळ आठवते का? मी वही घेऊन ऐटीत उभा, पोरं टीशर्ट, चड्डी, बूट सगळं घालून चढली, पळून आली, तशीच घामेजलेली पुन्हा चढली, मी आकडे लिहिले, वजाबाकी केली, खूश. तुम्ही खुर्चीवरून बघत होते. मग हळूच म्हटलं, "बाबू, तू ओला माल मोजून राहिला."

मला समजलंच नाही. तुम्ही एका पोराचा टीशर्ट काढून माझ्या हातात दिला, पिळला असता तर धार लागली असती. "हे पानी पोराच्या अंगातून गेलं का नाई? गेलं. मंग तुह्या वहीत काहून नाई गेलं?" मग सरकारी कापूस खरेदीचं सांगितलं, ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला का भाव कापते, १२ च्या वर असला तर माल घेतच नाही, कारण पाण्याले कापसाचा भाव कोण देईन. आणि शेवटी ते वाक्य, जे मी पुढं पोस्टरवर टाकलं, "बारदाना वजा केल्याबिगर वजन नसते, बाबू."

एमपीएडचं दुसरं वर्ष चालू आहे माझं. स्वेट रेटचे, म्हणजे घाम किती वेगानं जाते त्याचे, दोन चॅप्टर वाचलेले होते. त्यात हे लिहिलेलं पण आहे का कपड्यात अडकलेला घाम धरावा लागते, मी तो पॅरा वाचून पुढं गेलो होतो. वाचलेलं काहीच कामी नाही आलं, ओला टीशर्ट हातात आला तेव्हा डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवसापासून आपण काय केलं ते इथं लिहितो कारण अमरावतीत तीन पोरांनी विचारलं. पोरगा ताडपत्रीच्या आड फक्त अंडरवेअरवर, आधी वजन. मग टीशर्ट, चड्डी, मोजे, बूट एका पिशवीत, तिचं वजन वेगळं. पळून आला का टॉवेलनं अंग कोरडं करायचं, पुन्हा वजन. मग ओले कपडे त्याच पिशवीत, पुन्हा वजन, म्हणजे किती घाम उडाला आणि किती कपड्यात राहिला दोन्ही समजते. एका पोराचं उदाहरण सांगतो, नाव नाही सांगत नाहीतर मारेल. पळायच्या आधी ५८.४० किलो, नंतर ५७.३६, पाणी एक थेंब नाही पेला. १ किलो ४० ग्रॅम गेलं. त्यातलं १६० ग्रॅम कपड्यात होतं. माझ्या पहिल्या दिवसाच्या हुशारीनं मोजलं असतं तर ८८० ग्रॅम आलं असतं, म्हणजे वजनाच्या दीड टक्का, आणि मी लिहून दिलं असतं का बिनधास्त पळ. खरं निघालं पावणेदोनच्या वर. वजनाच्या २ टक्के पाणी गेलं का लांब पल्ल्याचं पळणं ढिलं पडते असं साधारण धरतात, खास करून उन्हात, म्हणजे तो काठावरच होता आणि घरी जाऊन डायरेक्ट वावरात जाणार होता.

आणि ते कवेलू, म्हणजे छपराचं कौल! काट्याच्या एका पायाखाली तुम्ही कवेलूचा तुकडा सरकवायचे, तो पाण्याचा बुडबुडा बरोबर गोलाच्या मधात येईपर्यंत, मग वीस किलोचं शिक्क्याचं माप ठेवून बघायचे, मगच पहिल्या पोराला चढू द्यायचे. मी दोन दिवस कंटाळून घड्याळ बघत होतो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आकडा थांबेच ना, तर तुम्ही ताडपत्री वाऱ्याच्या बाजूनं ओढून बांधली. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं, नशीब.

काकूचे आभार वेगळे. पोरींचं वजन कसं घ्यायचं यावर मी आठ दिवस नुसता विचार करत होतो, काकूनं काटा उचलून घरात नेला, दार लावलं आणि आतून आकडे ओरडून सांगितले. दशांशाच्या पुढचे पण. एकही चुकला नाही.

आता अमरावतीचं. पोस्टर छापायला गेलो तर फ्लेक्सवाल्याकडे तान्ह्या पोळ्याच्या बॅनरची लाईन, माझा नंबर आला तर तो विचारते "भाऊ, फोटो कोणाचा टाकू वर?" म्हटलं फोटो नाही, ग्राफ आहे. त्याला वाईट वाटलं. फ्लेक्स चुरगळू नये म्हणून मोटरच्या जुन्या पीव्हीसी पाईपात घालून एसटीत चढलो, कंडक्टर नांदगाव खंडेश्वरपर्यंत पाईपाचं तिकीट काढायचं का नाही यावर माझ्याशी बोलत होता.

अमरावती तसं व्यायामाचं गाव, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथं १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकात तिथल्या पोरांनी कबड्डी करून दाखवली होती, म्हणून मला उगाच जास्तच टेन्शन आलं होतं. हॉलमध्ये शिरलो तर बाजूची पोस्टरं इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. एकीनं क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट केली होती, ४१.३ सेंटीमीटरच्या पाटावर ३ मिनिटं चढउतर, मुलींना मिनिटाला २२ वेळा, मग नाडी मोजायची आणि त्यावरून दमसास काढायचा. तिच्या सुतारानं पाट आधी ४५ चा करून दिला होता म्हणे, अर्धा डेटा फेकावा लागला. मी म्हटलं तुला आमचे काकाजी पाहिजे होते.

माझ्याकडे दोन परीक्षक आले. पहिल्या सरांनी वाचलंच नाही, सरळ विचारलं, काटा धान्याचा, कॅलिब्रेशन काय? मी वीस किलोचं माप, बुडबुडा, कवेलू, ताडपत्री सगळं सांगितलं, कवेलूला इंग्रजीत काय म्हणतात ते नाही आलं तर कवेलूच म्हटलं. दुसऱ्या परीक्षक मॅडम हसल्या पण वाकून पोस्टर बघितलं. मग त्यांनी विचारलं का श्वासातून पण पाणी जाते, त्याचं काय? हे माहीत होतं, म्हटलं जाते, थोडंसं, मी ते वेगळं काढलं नाही आणि पोस्टरवर तसं लिहिलं आहे. मग सरांचा खरा झटका आला, १६०० मीटरला सहा मिनिटं लागतात, सहा मिनिटांत डिहायड्रेशनचा काय संबंध? काकाजी, तोंड कोरडं पडलं माझं. मग आठवलं आपण ओट्यावर बसून काय बोललो होतो, तुमचा पुतण्या भरतीला गेला तेव्हा सकाळी पाचपासून ग्राउंडबाहेर लाईनीत होता आणि नंबर लागला दुपारी. तेच सांगितलं. म्हटलं सर पळणं सहा मिनिटांचं आहे पण पोरगं त्याच्या आधीच अर्धं सुकलेलं असते. सर काही बोलले नाही, फक्त मान हलवली. आता ती हो म्हणून हलवली का कंटाळून, देव जाणे.

मॅडम मात्र जेवणानंतर पुन्हा आल्या, बारदान्याचं वाक्य मोबाईलमध्ये टिपून घेतलं. आणि त्यांनीच सांगितलं का इटलीत सँटोरिओ नावाचा एक डॉक्टर होऊन गेला, ४०० वर्षांपूर्वीचा, त्यानं आपली खुर्चीच काट्याला टांगली होती, त्यात बसून जेवायचा, आणि खाल्लेलं किती, बाहेर पडलेलं किती, आणि न दिसता अंगातून उडून गेलेलं किती याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला. तेव्हा मला तुम्हीच दिसले हो, खुर्चीत बसलेले, हातात खर्रा, आणि खुर्ची काट्याला लटकलेली.

बक्षीस नाही मिळालं. सांगून टाकतो, नाहीतर गावात काहीतरी भलतंच पसरेल. पहिलं त्या स्टेप टेस्टवालीला गेलं आणि बरोबर गेलं, तिची पोरींची संख्या माझ्या दुप्पट होती. मला सहभागाचं सर्टिफिकेट मिळालं, त्यात आडनाव चुकलेलं आहे. पण पोस्टर गुंडाळताना दोन कॉलेजच्या पोरांनी कपड्यांच्या पिशवीची पद्धत लिहून घेतली, आणि मॅडमनी एक गोष्ट बजावली जी पोरांना सांगायची राहिली आहे, का पाणी प्यायचं पण गेलं त्याच्यापेक्षा जास्त ढोसायचं नाही, पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर ते पण चुकीचं, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होते.

आता कामाचं. मला ऑक्टोबर हीटमध्ये तीच पोरं पुन्हा मोजायची आहेत, चारच सकाळी, सीतादहीच्या (कापूस वेचणीच्या वेळची वावरातली पूजा) आधी म्हणजे कापूस फाट्यावर यायच्या आत. शेठला मी विचारतो, तुम्ही नका विचारू. ताडपत्री मी आणतो, मागच्या वेळी तुमची फाटली ती पण भरून देतो. वीस किलोचं माप मात्र तुमचंच लागेल. आणि काकू घरी आहेत का तेवढं ताईला कळवायला सांगा, पोरी या वेळी चार आहेत.

तुमचा,
फाट्यावरचा ओला माल मोजणारा