या आठवड्याची प्रार्थनासभा: वाट पाहणाऱ्यांसाठी

प्रभूमधील प्रिय बंधुभगिनींनो,

या वेळी बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाचे ४० व ४१ हे अध्याय घेणार आहोत. घरून सावकाश वाचून या. तुरुंगातून सुटणाऱ्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला पेय देणाऱ्या सेवकाला, 'माझी आठवण ठेव' असे तिथेच कैदेत असलेल्या योसेफाने विनवले, पण प्यालेबरदार विसरला. योसेफाची पुढची २ वर्षे तुरुंगातच गेली आणि त्या वर्षांबद्दल शास्त्र जवळजवळ काहीच सांगत नाही. ती शांतताच माझ्या मनाला फार लागते. आपल्यातले कितीतरी जण आज तिथेच आहेत.

'किती वेळ, प्रभू?' असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्र १३ मध्ये दावीद तेच ४ वेळा विचारतो.

बोलावेसे वाटले तर बोला, नाहीतर नुसते येऊन बसा. मात्र कोणालाही 'धीर धर' एवढेच म्हणून मोकळे होऊ नका. आधी ऐका, मग त्याच्यासोबत प्रार्थना करा.