वीस मिनिटांच्या फोनबद्दल आभार

आदरणीय प्रा. कॅथी क्रेसवेल यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितो आहोत, कारण आभार तुमचे असले तरी ते इथल्या आईबाबांच्या कानावर जायला हवेत.

मुलांच्या चिंतेवरच्या पुष्कळ ऑनलाइन कार्यक्रमांत मुलालाच स्क्रीनसमोर बसवतात. ऑक्सफर्डमध्ये तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी 'ओएसआय' हा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला, तो मात्र पालकांच्या हाती दिला. अंधाराची भीती काही समुपदेशकाच्या खोलीत येत नाही, ती रात्री घरी येते. त्या वेळी जवळ आईबाबाच असतात.

'काही होत नाही रे, मी आहे ना,' हे आपण मायेनंच म्हणतो. पण त्यातून मुलाला स्वतःला काहीच कळत नाही आणि उद्या ते पुन्हा तेच ऐकायला येतं. त्याऐवजी 'तुला काय होईल असं वाटतं?' हे विचारायला तुम्ही शिकवलंत. उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, एक छोटी पायरी करून पाहायची आणि मग विचारायचं, 'तसं झालं का?' झोपेचंच घ्या. आधी आई पलंगाशेजारी खुर्चीवर, मग खुर्ची दारापाशी, मग दार उघडं ठेवून बाहेर. वन रूम किचनमध्ये दुसरी खोली नसते. तिथे दर पायरीला अंथरूण हातभर लांब सरकवलं तरी चालतं.

घोडं बहुधा बक्षिसापाशी पेंड खातं. बक्षीस 'घाबरला नाहीस' म्हणून द्यायचं नसतं, 'घाबरत का होईना, करून पाहिलंस' म्हणून द्यायचं. तेही त्याच दिवशी आणि छोटंसं. परीक्षेनंतरची सायकल आज रात्री उपयोगी पडत नाही. मूल अडलं की त्याला हट्टी ठरवलं जातं. खरं तर पायरी उंच झालेली असते, मध्ये आणखी एक घालावी लागते. आणि एकदा जमलं म्हणून लगेच पुढे पळायचं नाही. तीच पायरी मुलाला कंटाळवाणी वाटेपर्यंत करायची.

पायरी उंच झाली हे वेबसाइटला दिसत नाही, फोनवरच्या माणसाला दिसतं. म्हणून दर आठवड्याच्या भागासोबत थेरपिस्टचा वीसेक मिनिटांचा फोन तुम्ही ठेवलात, त्याचे विशेष आभार. ४४४ कुटुंबांची तुमची चाचणी २०२४ मध्ये मानसोपचाराच्या संशोधन-पत्रिकेत, 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आली. परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी नव्हता आणि थेरपिस्टचा सरासरी वेळ ३०७ मिनिटांवरून १८२ वर आला. वाचलेल्या दोन तासांत रांगेतल्या पुढच्या मुलाचा नंबर लागतो.

पालकांनो, हा कार्यक्रम चिंतेसाठी आहे. मूल खेळणं सोडून देत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आठवडेच्या आठवडे उदास असेल, तर भीतीच्या पायऱ्या पुरत नाहीत, डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

प्राध्यापक, मराठी आवृत्ती करायची ठरलीच, तर आम्ही आनंदानं मदतीला बसू. त्यात 'अपेक्षित परिणाम' असलं काही नको. 'काय होईल असं वाटतं?' एवढंच असू द्या.

आपले कृतज्ञ,
मुलांसोबत काम करणारे काही मराठी समुपदेशक