शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : प्रगतिपुस्तकातला क्रमांकाचा रकाना काढा

मा. शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

‘स्पर्धेशिवाय मुले घडत नाहीत’ हे वाक्य बक्षीस समारंभात व्यासपीठावरून हमखास ऐकू येते. मी शिक्षिका आहे. ते वाक्य ऐकताना खाली बसलेल्या मुलांचे चेहरे मी पाहते, म्हणून हे पत्र.

स्पर्धेने हुरूप येतो, हे खरेच आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्यापेक्षा चुरशीत उतरलेला स्वार जास्त वेगाने जातो, असे त्याला दिसले. मग त्याने ४० मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी भराभर फिरवायला लावली. कधी एकट्याने, कधी जोडीने. हा प्रयोग स्पर्धेच्या बाजूने सांगितला जातो, पण अर्धाच. २० मुलांचा वेग वाढला. १० जणांना फारसा फरक पडला नाही. उरलेली १० मुले मात्र शेजारी प्रतिस्पर्धी बसला की इतकी गडबडली, की आणखीच मागे पडली. अशी मुले माझ्या वर्गातही आहेत. तोंडी विचारले तर गणित बिनचूक सांगतात. परीक्षेत शेजारच्याने पुरवणी मागितली की त्यांचे पेन थांबते.

बरे, जी पुढे जातात ती तरी सुखी होतात का? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चित्रफिती संशोधकांनी लोकांना दाखवल्या आणि खेळाडू किती आनंदी दिसतो याला १० पैकी गुण द्यायला सांगितले. १९९५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निकाल कळला त्या क्षणी कांस्यपदकवाल्यांना सरासरी ७.१ गुण मिळाले होते आणि रौप्यपदकवाल्यांना फक्त ४.८. दुसऱ्याच्या मनात हुकलेले सुवर्ण असते, तिसऱ्याच्या मनात रिकाम्या हाताने परतलेला चौथा.

वर्गात हे दर चाचणीला घडते. ९२ गुणांचा पेपर हातात पडताच मुलगी हसते. लगेच मागे वळून विचारते, “सगळ्यात जास्त किती?” कोणीतरी ९५ म्हणते, आणि ती पेपर पालथा घालते. तिला जे येत होते ते सगळे अजून येतेच आहे, पण त्याचा आनंद मिनिटभरही टिकत नाही.

साहेब, ४० मुलांना अपूर्णांक समजले तर कोणाचे काही कमी होत नाही. क्रमांकाचे तसे नाही. एकाला वर चढायचे तर दुसऱ्याला खाली यावेच लागते. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी पहिला एकच येणार. मुलांची झोप तेवढी जाणार. सगळ्यांना पुरेल अशी गोष्ट आपण हाताने दुर्मीळ करतो आहोत.

‘जग स्पर्धेचेच आहे, लहानपणापासून सवय हवी,’ असे पालक म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. पण मोठा माणूस आपले मैदान स्वतः निवडतो, तिथे जमले नाही तर दुसरीकडे वळतो. मुलाला ही मुभा नाही. शाळेत यावेच लागते, आणि ‘कितवा आलास?’ या प्रश्नाला वर्षानुवर्षे उत्तर द्यावेच लागते. म्हणूनच धावण्याच्या किंवा वक्तृत्वाच्या स्पर्धांना माझी हरकत नाही. त्यात उतरायचे की नाही हे मूल ठरवते, आणि हरले तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सगळ्यांसारखेच असते.

सिंगापूरने २०१९ पासून प्रगतिपुस्तकावरचे वर्गातले स्थान छापणे बंद केले. परीक्षांबाबत कडक म्हणून ओळखला जाणारा देश आहे तो.

माझी मागणी छोटी आहे. प्रगतिपुस्तकाचा नवा नमुना छपाईला जाण्याआधी क्रमांकाचा रकाना काढा. गुण राहू द्या. आपण कुठे कमी पडलो हे मुलाला कळलेच पाहिजे. त्या जागी गेल्या सत्रात न येणारे आता काय येऊ लागले, हे लिहायला आम्हा शिक्षकांना दोन ओळी द्या. त्या भरायला वेळ लागेल, काही शिक्षक कुरकुरतीलही. त्यांची समजूत घालायला मी तयार आहे.

कळावे,
एक शिक्षिका