एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना

दादा,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही. ‘ताई, जाहिरात नको, आधीच दुकानात माणूस पुरत नाही,’ असं तुम्हीच बजावलंय. वयाने तुम्ही माझ्याहून बरेच लहान, तरी दादाच म्हणते. आणि आभार खाजगीत न मानता असे उघड मानते, कारण घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या चार जणांच्या ते कामी येतील.

मी नाशिकला पंचवटीत गाणं शिकवते. विद्यार्थ्यांना रियाजासाठी तानपुरा, ठेका आणि बंदिशीची चाल रेकॉर्ड करून द्यायची, एवढाच माझा स्टुडिओ. याच पंचवटीत थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात आश्रम काढला. त्यांनी शिष्यांसाठी गाण्याची पुस्तकं छापली. माझी शिकवणीतली मुलं मोबाईल पुढे करतात. तर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर केलेल्या या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच टकटक यायला लागली. ठेक्यात ती एक वेळ खपून जाते, पण तानपुऱ्याच्या अखंड सुरात बारीकशी टकसुद्धा लपत नाही.

आधी एका दुसऱ्या दुकानात विचारलं होतं. मशीन न उघडताच कोटेशन हातात आलं: नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि वर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. माझा प्रोसेसर, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, म्हणजे आता भंगार, असा निकालही मिळाला. तेच कोटेशन मी तुमच्या काउंटरवर ठेवलं. तुम्ही ते उलटं करून ठेवलंत आणि विचारलंत, ‘ताई, एका वेळी किती माईक लावता?’ एक, फार तर दोन, म्हटल्यावर म्हणालात, ‘मशीन आणू नका, मीच येतो. आवाज तुमच्या घरात येतोय, माझ्या दुकानात येईलच असं नाही.’

रविवारी सकाळी तुम्ही आलात. कॅबिनेटचं झाकण काढलंत तर आत माझ्या उदबत्तीची राख आणि मांजरीचे केस यांचा जाड थर. माईकमध्ये पंख्याची घरघरही यायची, म्हणून ब्लोअर मारायच्या आधी तुम्ही मशीन चालू ठेवलंत, मला माईकपाशी बसवलंत आणि एकेका पंख्याच्या मधोमध बोट टेकवून तो क्षणभर थांबवलात. ‘आता सांगा, घरघर गेली?’ प्रोसेसरवरच्या पंख्याला गेली नाही, मागच्याला गेली. तेवढा एकच पंखा बदलला, तोही मोठा आणि सावकाश फिरणारा. माझ्या कानावर विसंबून तुम्ही रोगी शोधलात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग टकटक. मी गृहीत धरलं होतं की जुनी हार्ड डिस्कच मागे पडत असणार. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडलात: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक माईक म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. एवढं तर कुठलीही जुनी डिस्क सेकंदाच्या आत लिहून मोकळी होते. मग आवाजाला कोण अडवतंय ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलंत. थोड्या वेळाने पट्टी लाल झाली आणि गुन्हेगार निघाला वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर! तो अधूनमधून प्रोसेसरला अडवून धरायचा, तेवढ्यात आवाजाचा पुरवठा तुटायचा, आणि टक. वायफाय बंद केलं, टकटक थांबली. या दुरुस्तीचा खर्च शून्य. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून तसेही थांबलेत, विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा या मशीनला नेट दाखवूच नका, हा तुमचा सल्ला मी पाळतेय. फायली पेनड्राइव्हने फोनवर जातात.

टकटक गेल्यावर बफर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी जिथे थोडा साठतो ती जागा, खाली आणता आला, आणि मला वाटतं खरा फरक इथेच पडला. टकटक टाळायला कुणीतरी तो १०२४ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या नमुन्यांवर, नेऊन ठेवला होता. त्यामुळे हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू यायचा, गमक घेताना जीभ अडखळल्यासारखी व्हायची, आणि मी वयाला दोष देत होते. तुम्ही सांगितलंत, १०२४ म्हणजे जाताना २१ आणि येताना २१, मिळून चाळिसाच्या वर मिलिसेकंद. साथीदाराला चौदा मीटरवर बसवून गाण्यासारखं आहे हे, तिथून आवाज पोचायला तेवढाच वेळ लागतो. आता १२८ वर पाच-सहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोन मीटर. बैठकीत तबलजी बसतो तेवढंच अंतर. तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण ही गोष्ट मला आजवर कुठल्या रेकॉर्डिस्टनेही अशी समजावली नव्हती.

विकत घ्यायच्या वस्तू दोनच निघाल्या. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घेतली, पण टकटकीसाठी नाही. जुन्या डिस्कवर खराब सेक्टर दिसायला लागले होते म्हणून. बोर्डावर डिस्क जोडायचे, साटाचे चार पोर्ट, त्यातले दोनच वेगवान, सहा गिगाबिटचे. तुम्ही मोबाईलच्या टॉर्चने बोर्डावरची बारीक अक्षरं वाचून केबल नेमकी तिथे लावलीत. दुसरी वस्तू रॅम. नुसत्या माईकसाठी आठ जीबी पुरे झाली असती, पण माझी स्वरमंडळाची सॅम्पल लायब्ररी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच, सगळी रॅममध्ये चढते. स्लॉट दोनच, म्हणून चार-चारच्या पट्ट्या काढून आठ-आठच्या बसवल्या. डीडीआर-थ्री ही जुन्या जातीची रॅम आता सहज मिळत नाही, तुम्ही वापरलेल्या पट्ट्या आणल्यात आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी चालवून मगच माझ्या मशीनमध्ये घातल्यात. ग्राफिक्स कार्डाचं विचारलं तर नुसते हसलात.

उरली ती गुणगुण. माईक लावला की मागे एक बारीक घुमारा असायचा. माझी पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी. तिचा खर्जातला सा ९८ हर्ट्झ. आणि आपल्या विजेची गुणगुण ५० ची, तिची दुप्पट १००. म्हणजे माझ्या सा ला खेटून, किंचित चढा असा दुसरा सा सतत लागलेला, आणि दोघांच्या घर्षणाने सेकंदाला दोन हेलकावे. शिकवणीतली एक मुलगी रेकॉर्डिंगवर गायली की जरा चढायची, तिला मी उगाच बोलत होते की काय, अशी शंका आता येते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हे मी सहज बोलून गेले आणि तुम्ही टेस्टर काढलात. पत्र्यावर तो पेटला. सॉकेट उघडलंत तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. जुना वाडा, दाखवायला थ्री-पिन, अर्थिंगचा पत्ता नाही. इथे तुम्हाला एखादा फिल्टर, एखादा महागडा स्टॅबिलायझर मला सहज विकता आला असता. तुम्ही म्हणालात, ‘हे माझं काम नाही. वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या आणि तोवर उघड्या पायांनी पत्र्याला हात लावू नका.’ वायरमन आला, अर्थिंग झालं, गुणगुण गेली. मुंग्याही गेल्या. आमच्या वाड्यातल्या इतर बिऱ्हाडांनीही त्याच आठवड्यात सॉकेट उघडून पाहिले. सासूबाईंच्या वयाच्या शेजारणीला आजवर फ्रिजच ‘चावरा’ वाटायचा.

गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की माझं रेकॉर्डिंग बंद असतं. त्यावर कुठलंही हार्डवेअर नाही, आणि नाशिककर म्हणून तशी तक्रारही नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. घरी येण्याचे पैसे तुम्ही बिलात लावलेच नाहीत. ते लावा, नाहीतर पुढच्या वेळी बोलवायला मला संकोच वाटेल. आणि माझी एक विद्यार्थिनी तिचा लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येणार आहे. नवाच घ्यायचा म्हणून हटून बसलीय, तेव्हा जरा समजावून सांगा. तिच्या लॅपटॉपला रॅमचा स्लॉट एकच आहे, एवढं मी टास्क मॅनेजरमध्ये बघून ठेवलंय.

तुमची,
पंचवटीच्या गाण्याच्या ताई